साक्री तालुक्यात तळ्यासकट शेत घेतलंय, त्यातल्या माशांचं काय करू?

पांझराकाठ – १४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं पुण्यात नोकरी करून आता गावाकडे परतलोय. गाव पिंपळनेरच्या पुढे. डिसेंबरात गावाला लागून साडेसहा एकर जमीन घेतली आणि त्या जमिनीत एक जुनं तळं आलं. मातीचा बांध, बांधावर दोन मोठी मोहाची झाडं, एका टोकाला दगडी सांडवा, तिथून जास्तीचं पाणी नाल्यात जातं. पावसाळ्यात वरच्या डोंगरउतारावरचं पाणी येऊन भरतं. सातबाऱ्यावर ते पोटखराब्यात धरलेलं आहे.

खरं सांगायचं तर जमीन घेतली ती या तळ्यापायीच. लहानपणी याच बांधावर आम्ही गळ टाकून बसायचो.

आधीच्या मालकांनी आठ-दहा वर्षांपूर्वी कटला, रोहूचं बीज सोडलं होतं म्हणे. त्यानंतर कोणी लक्ष दिलं नाही. गेल्या आठवड्यात पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून पाहिला. पहिल्याच फेकीत वीस-पंचवीस चिलापी (तिलापिया), सगळ्या तळहाताएवढ्या. एक सायप्रिनस (कॉमन कार्प) निघाला, त्याचं डोकं दोन किलोच्या माशाचं आणि अंग अर्ध्या किलोचं. पाठीचा कणा हाताला लागत होता.

बीजवाल्याशी फोनवर बोललो. तो म्हणतो, दोन एकरांचं तळं आहे ना, दहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, काही विचार करू नका. मला मात्र धाकधूक वाटते. आतल्यांनाच पोटभर मिळत नाही असं दिसतंय, त्यात आणखी दहा हजार कुठे घालू? हे तळं धंद्यासाठी नाही, पण त्यात मासळी धडधाकट असावी, घरी खायला मिळावी, जमलं तर थोडी बाजारात जावी, एवढी इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

---

अहिराणी_लेक – १४ फेब्रुवारी

दादा, उन्हायाम्हा पानी कितलं ऱ्हास ते पहिले सांग. बाकीनं मंग दखूत.

---

पांझराकाठ – १४ फेब्रुवारी

ताई, शेजारच्या आबांना विचारलं. ते म्हणाले, मे संपता संपता पाणी मधल्या खळग्यात गोळा होतं. मी तिथे पावलं मोजली, साधारण तीस गुंठे भरतात. खोली मधोमध पुरुषभर, कडेला गुडघाभर. पूर्ण आटलेलं त्यांनी एकदाच पाहिलंय.

---

तापीकाठचा – १५ फेब्रुवारी

भाऊ, ताईंनी नेमका प्रश्न विचारला. तुझं तळं दोन एकरांचं नाही, तीस गुंठ्यांचं आहे. ऑगस्टातलं पाणी बघून बीज सोडणारा माणूस मे महिन्यात टोपल्या भरून मेलेला मासा काढतो. मी हे प्रकाशा गावाकडच्या खेड्यांत दोन-तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. आमचं घराणं तापीवर जाळं टाकणारं, त्यामुळे लोक बोलावतात. पण ते बोलावतात मासा पोट वर करून तरंगायला लागल्यावर.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. पारा चव्वेचाळीसवर गेला की कडेचं पाणी हाताला कोमट लागतं. गरम पाण्यात हवा कमी मुरते आणि माशाला तर गरमीत जास्त हवा लागते. त्यात पाणी रोज खाली जातं, म्हणजे तेवढाच मासा दिवसेंदिवस कमी जागेत दाटतो.

दहा हजार विसर. आणि आधी आत काय आहे ते मोज. पागाने नाही कळणार, त्यात कडेचा मासा येतो. ओढजाळं लाव, पूर्ण रुंदीचं. दोन बाजूंना चार-चार माणसं, खालची शिशाची दोरी तळाला घासत यायला हवी. तळाशी झाडाची खोडं, काटे असतील तर आधी काढून घे, नाहीतर जाळं फाटेल आणि पोरांचे पायही.

---

केळीचं_पान – १५ फेब्रुवारी

मी रावेरची. आमचं शेततळं प्लास्टिक कागदाचं आहे, केळीला पाणी द्यायचं. त्यात तीन वर्षं मासे करतेय. तुमच्या मातीच्या तळ्याची गोष्ट वेगळी, पण चिलापीचा अनुभव सारखाच म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी आम्ही रोहू-कटल्याचं बीज घेतलं होतं. पिशवीत काय काय आहे ते कोणी पाहतं का? संध्याकाळची वेळ, गाडीवाल्याला घाई, आम्ही सोडून मोकळे. दुसऱ्या उन्हाळ्यात बघते तर पाण्यात चिलापीच चिलापी. तिची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळते, त्यामुळे जगतातही फार. दोन-तीन महिन्यांची झाली की तीच पुन्हा अंड्यांवर येते. खायला कमी पडलं की वाढायची थांबते पण वीण थांबवत नाही. मग तळहाताएवढ्या माशाच्या तोंडातही अंडी सापडतात. तुमची चिलापी धरून तोंड उघडून बघा.

शेवटी आम्ही सगळं पाणी केळीला देऊन तळं कोरडं केलं आणि पुन्हा सुरुवात केली. तुम्हाला ते शक्य आहे का?

---

पांझराकाठ – १५ फेब्रुवारी

ताई, कोरडं करणं शक्य नाही. उन्हाळ्यात गावातली गुरं याच पाण्यावर येतात, आणि ती येऊ देण्याचा शब्द मी गावाला दिला आहे.

तोंड उघडून पाहिलं. सातांपैकी दोघींच्या तोंडात पिवळी अंडी होती, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी बारीक. एका मासळीचं वजन जेमतेम साठ ग्रॅम.

---

निवृत्त_मत्स्यकाका – १६ फेब्रुवारी

धागा वाचला. माझं आयुष्य मत्स्यबीज केंद्रांवर गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या तळ्यात दोन प्रकारचे मासे आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे नदीचे. पावसाळ्यात पूर आला, वाहतं पाणी मिळालं की ते अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी या माशांना पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. आज आपल्याला मिळणारी बोटुकली त्या कामामुळे मिळते, आणि १० जुलै हा म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तळ्यात जेवढे कटला-रोहू सोडले त्याहून ते कधी वाढणार नाहीत. काढाल तेवढे कमी होतील, पुन्हा सोडावे लागतील.

सायप्रिनस आणि चिलापी मात्र साठलेल्या पाण्यात आपोआप वाढतात. सायप्रिनस पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, वर्षातून दोनदा. तो तळ उकरतो, काळ्या मातीचं पाणी कायम गढूळ ठेवतो आणि बांधही पोखरतो. तुमचा डोकं मोठं, अंग बारीक असलेला मासा म्हणजे तळ्यात खाणारी तोंडं जास्त झाल्याची सरळ खूण आहे.

आता मोजणी. ओढजाळं एकदा लावून सगळे मासे येत नाहीत, पण संख्या काढायची एक साधी रीत आहे. पहिल्या ओढीत जेवढे मोठे मासे येतील, त्यांच्या पोटाखालच्या जोडीतला उजव्या बाजूचा पर, त्याचं टोक, धारदार कात्रीने कापा. माशाला काही होत नाही, पर पुन्हा वाढतो. सोडून द्या. आठ दिवसांनी, मासे परत नीट मिसळले की, दुसरी ओढ घ्या. त्यात एकूण किती आले आणि त्यातले परकापे किती ते मोजा. पहिल्या ओढीतले गुणिले दुसऱ्या ओढीतले, भागिले परकापे. उत्तर म्हणजे तळ्यातल्या मोठ्या माशांचा अंदाज. चिलापीला हे करू नका, हात दुखतील.

ओढ पहाटे घ्या, ऊन चढायच्या आत. ओल्या हाताने धरा, मासा जमिनीवर टाकू नका.

---

तापीकाठचा – १६ फेब्रुवारी

काका, पर कापायची रीत पहिल्यांदा ऐकली. आम्ही अंदाज घेतो तो जाळं जवळ येताना पाणी किती उकळतं त्यावरून. पण तुमची रीत पटली. भाऊ, कधी लावतोस जाळं? मी येतो, जाळं माझं आणतो.

---

पांझराकाठ – ६ मार्च

दोन्ही ओढी झाल्या. तापीकाठचे भाऊ खरोखरच आले, चार माणसं आणि जाळं घेऊन, आणि डिझेलसुद्धा घेईनात. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला, एवढंच.

पहिली ओढ, २३ फेब्रुवारी. मोठे मासे ४८ : सायप्रिनस २९, रोहू १३, कटला ६. सगळ्यांचे पर कापून सोडले. दुसरी ओढ, ३ मार्च. मोठे मासे ५०, त्यांत परकापे ८. म्हणजे ४८ गुणिले ५० भागिले ८, तीनशे.

काकांनी लिहिलेली गोष्ट डोळ्यांनी दिसली. सायप्रिनस सगळ्या मापांचे, वीतभरापासून हातभर. रोहू आणि कटला मात्र सगळे मोठे, एकही लहान नाही. एक कटला एवढा होता की दोघांनी धरला, त्याचे खवले जुन्या रुपयाएवढे. तो परत सोडताना आमच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस म्हणाला, याला राहू दे, हा तळ्याचा आहे. राहू दिला.

सरासरी वजन सव्वा किलो धरलं. म्हणजे पावणेचारशे किलो मोठी मासळी. चिलापी वेगळी, ती दोन्ही ओढींत मिळून सहा-सात टोपल्या निघाली.

आणखी एक. जाळ्यात तीन मरळ आल्या, त्यातली एक दोन किलोची. आणि एक वाम.

---

निवृत्त_मत्स्यकाका – ६ मार्च

फार नीट काम केलंत. आता हिशोब बघा. पावणेचारशे किलो मासा मे महिन्यात तीस गुंठ्यांत, म्हणजे हेक्टरी साडेबाराशे किलोच्या आसपास. खाद्य न देता, हवा घालायचं यंत्र नसताना, खानदेशच्या उन्हाळ्यात हे जास्त आहे. एप्रिलच्या आत या तीनशेंपैकी दोनशे मासे तरी काढा. सायप्रिनस आधी. विकायला अडचण नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर मासळीला गिऱ्हाईक असतं.

चिलापीसाठी माझं मत स्पष्ट आहे. मे अखेरीस पाणी सर्वांत कमी असताना मोहाची पेंड टाकावी. मोहाच्या पेंडीतल्या सॅपोनिनने मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विषाचा अंमल जातो आणि मग तीच पेंड खत होते. प्रमाण हेक्टरी एक मीटर पाण्याला अडीच हजार किलो. तुमच्या तीस गुंठ्यांना, सरासरी मीटरभर पाणी धरून, साडेसातशे किलो लागेल. त्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, कारण पाण्यात विषारी वस्तू टाकायला कायद्याने बंदी आहे आणि तुमच्या तळ्याला नाला जोडलेला आहे. पेंड भिजवून, सगळीकडे सारखी शिंपडायची. गुरांना तोवर दूर ठेवायचं.

---

सातपुड्याची_पाऊलवाट – ७ मार्च

काकांच्या अनुभवापुढे मी लहान, पण इथे मला थांबवावंसं वाटतं.

पेंड चिलापी निवडून मारत नाही. मरळ, वाम, बारके पांढरे मासे, बेडकांची पिल्लं, सगळं जाईल. दादांनी वर लिहिलंय की गावची गुरं या पाण्यावर येतात. मे अखेरीस दोन-तीन आठवडे ती कुठे जातील? तेव्हाच तर आसपास दुसरं पाणी नसतं.

मी हतनूरच्या पाणथळावर पक्षी बघायला जातो. साक्रीकडच्या अशा जुन्या लहान तळ्यांवरही हिवाळ्यात किती पाखरं उतरतात ते पाहिलंय. त्यांना बारका मासा लागतो. आणि मरळ तर चिलापीचीच पिल्लं खाते. तीन मरळी जाळ्यात आल्या म्हणजे आत आणखी असतील. त्यांना काढू नका, वाढू द्या. बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने चिलापी दर पंधरवड्याला काढत राहा. वेळ लागेल, पण तळं जिवंत राहील.

---

निवृत्त_मत्स्यकाका – ७ मार्च

गुरांचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात यायला हवा होता, तळ्याचा पहिला हक्क गुरांचा.

पण जाळ्याने चिलापी संपत नाही हे मी ठामपणे सांगतो. चार टोपल्या काढल्या की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं आणि त्या जोमाने वीण करतात. जाळं आणि मरळ हा मार्ग घ्यायचा असेल तर तो कायमचा घ्यावा लागेल, दरवर्षी, न चुकता. आणि मग बोटुकली लहान सोडून चालणार नाही. मरळ चिलापीचं पिल्लू खाते तसं रोहूचंही खाते. चार इंचांखालचं बीज अजिबात घेऊ नका. जिरे किंवा अर्धबोटुकली अशी त्याहून बारकी पिल्लं सोडाल तर मरळींना जेवण घातल्यासारखं होईल.

---

केळीचं_पान – ७ मार्च

मरळीला बाजारात भाव पण किती! आमच्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला मरळच शोधतात. ती वरची हवा घेते, त्यामुळे बादलीत तासन्‌तास जिवंत राहते, विकायला सोपी.

दादा, एक विनंती. कोणी स्वस्तात मांगूर देतो म्हणाला तर घेऊ नका. आफ्रिकन मांगुरावर बंदी आहे, हरित लवादाने २०१९ मध्ये तो नष्ट करायचाच आदेश दिलाय. एकदा नाल्यातून पांझरेत गेला तर तुमच्या तळ्यापुरता प्रश्न राहणार नाही.

---

पांझराकाठ – ८ मार्च

ठरलं. पेंड नाही. मरळ ठेवायची, चिलापी काढत राहायची, मोठे मासे दोनशे काढायचे. काका, तुमचा इशारा ध्यानात ठेवलाय, हे दरवर्षीचं काम म्हणूनच धरतो.

---

तापीकाठचा – ९ मार्च

बीजाचा आकडा आताच ठरव म्हणजे जूनमध्ये घाई होणार नाही. तुझ्यासारख्या, खाद्य फारसं न द्यायच्या तळ्याला हेक्टरी चार-पाच हजारांवर जाऊ नये असं मी धरतो. तीस गुंठ्यांना बाराशे ते पंधराशे. त्यात कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. तुझ्याकडे तळाशी सायप्रिनस उरणारच, म्हणून मृगळ कमी घे. कटला सहाशे, रोहू सहाशे, मृगळ दोनशे. शेवाळ नाही, पण हायड्रिला (पाणगवत) माजलेला दिसला पूर्वेच्या कोपऱ्यात, त्यासाठी गवत्या (ग्रास कार्प) मासे पन्नास पुरे.

सांडव्यावर जाळी लावायची म्हणशील तर बारीक लावू नको. आमच्या ओळखीतल्या एकाने मच्छरदाणीसारखी जाळी लावली, पहिल्या पुरात पाचोळा अडकला, पाणी सांडव्यावरून जायचं ते बांधावरून गेलं. मासाही गेला आणि बांधही. बांबूच्या कामट्या उभ्या तिरक्या ठोक, बोटभर फट ठेवून, आणि पावसाच्या रात्री जाऊन कचरा काढ.

---

सातपुड्याची_पाऊलवाट – ९ मार्च

वरच्या बाजूला कपाशी आहे का? पहिल्या पावसाचं पाणी औषधासकट उतरतं. आजकालच्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांच्या फवारण्या माशांना फार घातक असतात, अगदी थोड्या प्रमाणातही. वर एक चर काढून पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाजूने वळवता आलं तर बघा. आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा की फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नको. लोकांना माहीत नसतं, सांगितलं तर ऐकतात.

---

पांझराकाठ – १७ जून

बरेच दिवसांनी लिहितोय. एप्रिलपर्यंत २१० मोठे मासे काढले, पिंपळनेरच्या बाजारात आणि गावातच गेले. चिलापी अकरा वेळा काढली. मेमध्ये पाणी पंचवीस गुंठ्यांवर आलं, पण एकही मोठा मासा मेला नाही.

मेला नाही असं लिहिलं, पण परवा जीव टांगणीला लागला होता. दोन दिवस आभाळ भरलेलं, वारा नाही, रात्री पहिला मोठा पाऊस. पहाटे पाचला बांधावर गेलो तर सगळ्या तळ्यावर तोंडं. शेकडो तोंडं, गोल, पाण्याच्या कातडीला चिकटलेली, उघडमीट उघडमीट. आवाज येत होता, चप चप चप. तो मोठा कटला अगदी कडेला येऊन थांबला होता, मी हात लावला तरी हलला नाही. पाण्याला गटारासारखा वास.

काकांना फोन लावला, उचलला नाही. मग भाऊंना लावला. ते म्हणाले पंप लाव, पाणी वरून पाड. विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप चालू केला, पाइपाचं तोंड उंच बांधून दगडावर पाणी आपटवलं. दोन पोरं पाण्यात उतरून फळ्यांनी पाणी झोडत राहिली. साडेआठला ऊन पडलं, तसा मासा हळूहळू खाली गेला. चाळीसेक चिलापी आणि चार रोहू गेले. कटला वाचला.

---

निवृत्त_मत्स्यकाका – १७ जून

फोन घरात राहिला होता, क्षमा करा. तुम्ही केलंत ते अगदी बरोबर.

कारण सांगतो. दिवसा पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयार करतात, रात्री त्यासुद्धा तो वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवस लागले की दिवसाची भर पडत नाही. त्यात पावसाचं थंड पाणी जड म्हणून खाली जातं आणि तळाचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. तोच तो वास. दोनशे दहा मासे आधी काढले नसते तर त्या पहाटे काय झालं असतं याचा विचार करून बघा.

आता आभाळ भरलेलं असेल तेव्हा शेण, खाद्य काही टाकू नका. आणि पहाटे एक चक्कर बांधावर, ऑगस्टपर्यंत.

---

अहिराणी_लेक – १८ जून

दादा, पोरांना सांगा शाब्बास. वाचताना माझ्याच घशाला कोरड पडली.

---

पांझराकाठ – २८ जुलै

बीज आलं. १४५० बोटुकली, सरकारी केंद्रातून. चार इंचांची मागितली होती, साडेतीन ते साडेचारची मिळाली. केळीवाल्या ताईंचं ऐकून प्रत्येक पिशवीतली ओंजळभर पांढऱ्या घमेल्यात ओतून एकेक बघितली. चिलापी नव्हती. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, आणि पिशवी आडवी धरली. मासे आपणहून बाहेर गेले. शेवटची दोन-तीन पिशवीच्या कोपऱ्यात थांबली होती, त्यांना घाई केली नाही.

आणि आज सकाळी पाणकणसाजवळ पाण्यात एक लाल गोळा दिसला. हलता, फुटबॉलएवढा. जवळ जाऊन बघतो तर मरळीची पिल्लं, हजारो, नारिंगी-लाल. खाली दोन मोठ्या मरळी पहारा देत होत्या. एक बगळा जवळ उतरला तर खालून अशी उसळी आली की तो उडालाच.

---

सातपुड्याची_पाऊलवाट – २८ जुलै

फोटो काढला असेल तर टाका हो!

---

तापीकाठचा – २९ जुलै

त्या जागेवर दीड महिना कोणाला पाग टाकू देऊ नको. मरळीचा जोडा काढला की गोळा तासाभरात संपतो, बारके मासेच खातात.

---

पांझराकाठ – १९ ऑक्टोबर

नमुना ओढ घेतली, छोट्या जाळ्याने. या वर्षीचे कटले बावीस सापडले, सरासरी वजन २४० ग्रॅम. रोहू सोळा, सरासरी १८० ग्रॅम. शेण पंधरवड्याला दोन बैलगाड्या टाकत होतो, ढगाळ दिवस सोडून. भुईमुगाची पेंड आणि नवापूरहून आणलेला भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, थोडाच, गोणीला भोकं पाडून टांगतो. सरकीची पेंड इथे सहज मिळते, पण काकांनी ती माशाला मानवत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या वाटेला गेलो नाही. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं अंधुक दिसतात, एवढा हिरवेपणा राखलाय.

जुना सायप्रिनस एक सापडला, परकापा. पर निम्मा वाढून आलाय. फेब्रुवारीत त्याच्या पाठीचा कणा हाताला लागत होता, आता लागत नाही. वजन तेव्हा सातशे, आता एक किलो तीनशे.

चिलापी कमी झाली आहे, संपलेली नाही. काका म्हणाले तसंच. पण जी आहे ती आता दीडशे-दोनशे ग्रॅमची होतेय.

भाऊ, फेब्रुवारीतली मोठी ओढ आधी घेऊ की मार्चपर्यंत थांबू? थंडीत मासा खाली बसतो म्हणतात. तुमच्या सवडीने तारीख सांगा, आई विचारतेय किती माणसांच्या भाकरी टाकायच्या.

---

तापीकाठचा – १९ ऑक्टोबर

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पाणी कमी झालेलं असेल आणि ऊन अजून चढलेलं नसेल. आम्ही सहा जण येऊ.